हुकाला भार लागण्यापूर्वी

न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या ईस्ट ५१ व्या रस्त्यावर १५ मार्च २००८ रोजी एका उंच इमारतीचे बांधकाम चालू होते. इमारतीला लागून उभी असलेली टॉवर क्रेन आणखी उंच करायची होती. त्यासाठी क्रेनच्या खांबाला इमारतीशी जखडणारी पोलादी कॉलर वर बसवली जात होती. तिचे वजन पाच टनांच्या आसपास होते आणि जागेवर पक्की होईपर्यंत ती पॉलिएस्टरच्या पट्ट्यांवर लटकत होती. हे पट्टे तुटले. कॉलर खांबावरून घसरत खाली आली आणि खालच्या कॉलरवर आदळून तिलाही घेऊन गेली. आधार सुटलेली क्रेन रस्त्यापलीकडच्या इमारतीवर कोसळली आणि तिच्या तुटलेल्या भागाखाली मागच्या गल्लीतले चार मजली घर चिरडले गेले. सात जणांचा जीव गेला.

चौकशीत क्रेनच्या रचनेपेक्षा त्या पट्ट्यांकडेच बोट दाखवले गेले. उत्पादकाने सांगितले होते त्याच्या निम्म्याच ठिकाणी आधार दिला होता. पट्टे कॉलरच्या धारदार कडांवरून गुंडाळले होते आणि मधे कसलेही पॅड घातलेले नव्हते. शिवाय त्यातला एक पट्टा आधीपासूनच खराब झालेला होता.

क्रेनचा अपघात म्हटले की वाकलेला बूम, खचलेला पाया किंवा सोसाट्याचा वारा डोळ्यांपुढे येतो. ती कारणे असतातच. पण बऱ्याच अपघातांची सुरुवात हुक आणि माल यांच्या मधल्या चार-सहा फुटांत होते. तिथे माल बांधणारी स्लिंग असते, साखळी असते, शॅकल असतो, आयबोल्ट असतो. क्रेनच्या किमतीपुढे या वस्तू किरकोळ वाटतात, त्यामुळे खरेदीत आणि देखभालीत त्यांच्याकडे शेवटी लक्ष जाते. भार मात्र त्यांच्यातूनच जातो.

भारतातल्या कायद्याने ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली. १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या कलम २९ ने क्रेनसारख्या यंत्रांच्या बरोबरीने साखळी, दोराची स्लिंग, हुक, शॅकल, स्विव्हल, क्लॅम्प या सुट्या साधनांनाही एकाच नियमाखाली आणले. अशा प्रत्येक साधनाची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा बारकाईने तपासणी व्हावी, त्याची सुरक्षित भारक्षमता आणि ओळखक्रमांक त्यावर स्पष्ट दिसावा, दोन्हींची नोंद रजिस्टरमध्ये असावी आणि चाचणी वगळता त्या क्षमतेपलीकडे भार देऊ नये, असे या कलमाने सांगितले. बारकाईची तपासणी म्हणजे काय, हेही त्यात दिले होते. डोळ्यांनी पाहणे हा तिचा पाया. गरज पडेल तिथे इतर साधनांची मदत घ्यायची आणि भाग खोलून पाहायचे.

वर्षातून एकदा ही किमान अट आहे. जानेवारीत प्रमाणपत्र मिळालेली स्लिंग फेब्रुवारीत एखाद्या प्लेटच्या कडेवर कापली जाऊ शकते. म्हणून चांगल्या कारखान्यात तपासणी तीन पायऱ्यांत चालते. वापरणारा कामगार प्रत्येक पाळीत पाहतो, देखभाल विभाग ठरावीक काळाने मोजमाप घेतो आणि बाहेरची सक्षम व्यक्ती वर्षाची तपासणी करते. तिन्हींत पहिली पायरी सर्वांत स्वस्त आहे आणि नेमकी तीच टाळली जाते.

साधन तुटते ते अचानक, असे वाटते. प्रत्यक्षात तुटण्याची तयारी बराच काळ चाललेली असते. जर्मनीतल्या हार्झ पर्वतराजीत क्लाउस्थाल इथे खाणींचे काम पाहणाऱ्या विल्हेल्म आल्बर्ट या अधिकाऱ्याला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हाच प्रश्न पडला होता. खाणीतून खनिज वर ओढणाऱ्या लोखंडी साखळ्या वारंवार तुटत होत्या. रोजचाच भार, रोजचीच साखळी, मग आजच ती का तुटावी? आल्बर्टने साखळ्यांवर पुन्हा पुन्हा भार टाकणारे यंत्र तयार करून चाचण्या घेतल्या. एका वेळच्या जास्त भाराइतकाच त्याच भाराचा वारंवार होणारा मारा घातक असतो, हे त्यातून दिसले. धातूच्या थकव्याचा हा सर्वांत जुन्या अभ्यासांपैकी एक मानला जातो.

घरात पक्कड नसली की तार पुढे-मागे वाकवून तोडतात, तसेच हे घडते. प्रत्येक वेळी भार येतो आणि उतरतो, तेव्हा एखाद्या ओरखड्यापाशी किंवा गंजलेल्या खड्ड्यापाशी सूक्ष्म भेग थोडी पुढे सरकते. उरलेला धातू भार पेलेनासा झाला की तुकडा पडतो. साखळीच्या बाबतीत एक कडी गेली की सगळेच गेले. म्हणून आल्बर्टने १८३४ मध्ये वेगळा मार्ग काढला. लोखंडी तारा पिळून त्यांचे पेड केले आणि असे तीन पेड एकत्र वळून दोर बनवला. प्रत्येक पेडात चार तारा. त्यातली एक तार तुटली तरी बाकीच्या भार धरून ठेवत आणि तुटलेली तार बाहेर दिसे. आजच्या वायर रोपचा हा पूर्वज. आजच्या दोरात बहुधा सहा पेड असतात आणि एकूण तारांची संख्या दोनशेच्या वरही जाते, पण इशारा देण्याचा गुण तोच आहे. तो इशारा वाचायला कोणीतरी हवे.

वाचायचा कसा, ते माल बांधून उचलणाऱ्या जाणकार रिगरकडे पाहिले की कळते. तो स्लिंग हुकावर लटकत असताना तपासत नाही. ती जमिनीवर सरळ पसरतो आणि तारेच्या ब्रशने वरचे जुने ग्रीस, कचरा काढतो. हातमोजे घालून सुती फडके दोराभोवती सैल धरतो आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेतो. जिथे फडक्याचा धागा अडकतो, तिथे तुटलेली तार असते. तिथे खडूची खूण होते. मग तो दोर किंचित वाकवतो, कारण सरळ दोरात तुटलेल्या तारांची टोके दबून बसतात आणि वाकवल्यावर वर येतात. एका पेडावर खूण करून तो पेड दोराभोवती पूर्ण वळसा घेऊन पुन्हा वर येईपर्यंतचे अंतर धरतात. त्याला एक ले म्हणतात. स्लिंगसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी मानकानुसार नेहमीच्या पेडांच्या दोरात एका ले-मध्ये विखुरलेल्या दहा तारा तुटलेल्या आढळल्या, किंवा एकाच पेडात पाच आढळल्या, तर ती स्लिंग वापरातून बाद.

त्यानंतर व्हर्निअर. जाडी मोजताना जबडे समोरासमोरच्या दोन पेडांच्या माथ्यांवर यायला हवेत. दोन पेडांमधल्या सपाट जागी मोजले तर आकडा चुकीचा येतो. क्रेनवरच्या दोरांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक सांगते की तागासारखा तंतूंचा गाभा असलेल्या दोराची जाडी सगळीकडे सारखी घटून १० टक्क्यांनी कमी झाली, तर दोर बदलावा. पोलादी गाभ्याच्या दोरासाठी ही मर्यादा साडेसात टक्के आहे. म्हणजे तंतूंच्या गाभ्याचा २० मिलिमीटरचा दोर १८ वर आला की त्याचे आयुष्य संपले, मग बाहेरून एकही तार तुटलेली नसो. पेड सुटून पिंजऱ्यासारखे फुगलेले, दोराला गाठ पडून कायमचा पीळ बसलेला, गाभा बाहेर डोकावणारा, वेल्डिंगच्या ठिणगीने किंवा विजेच्या आर्कने भाजलेला, अशा दोराबाबत मोजमापाची गरजच नाही. तो बाजूला काढायचा. टोकाचा फास, म्हणजे डोळा, बनवताना दाबून बसवलेल्या धातूच्या फेरूलच्या तोंडाशी जास्त वेळ थांबावे लागते, कारण वाकण्याचा ताण तिथे साठतो आणि तारा आतल्या आत तुटतात.

गंज हा वेगळा शत्रू आहे आणि महाराष्ट्रात त्याला चार महिन्यांचा पावसाळा मिळतो. साखर कारखान्यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. गाळप हंगामात ऊस उतरवणाऱ्या क्रेन रात्रंदिवस चालतात. त्यांच्या दोरांना हजारो वेळा भार लागतो आणि उतरतो. हंगाम संपला की मिलचे जड रोलर उचलून देखभालीसाठी बाहेर काढतात. मधल्या पावसाळ्यात दोर आणि स्लिंग कोपऱ्यात पडून राहिल्या, तर ओल पेडांच्या आत शिरते. वरून दोर ठीक दिसतो. वाकवला की पेडांमधून लालसर भुकटी गळते. ही भुकटी म्हणजे झिजलेल्या तारांचाच अंश. दोराला ग्रीस लावतात ते या आतल्या तारांसाठी. एकमेकींवर घासणाऱ्या तारांमध्ये वंगण राहावे आणि पाणी शिरू नये, हा त्याचा हेतू. घाण साफ न करता वरून ग्रीसचा थर थापला तर उलट पाणी आत कोंडते आणि तुटलेल्या तारा झाकल्या जातात.

हुक दोरापेक्षा दणकट दिसतो, पण तोही बोलतो. नवीन हुकाच्या तोंडाचे माप घेऊन ते नोंदवून ठेवावे लागते. जास्त भार पडला किंवा माल हुकाच्या टोकावर लटकवला, तर तोंड उघडू लागते. मूळ मापापेक्षा पाच टक्के वाढ झाली तर हुक बाद, असे प्रचलित मानक आहे. तोंड ५० मिलिमीटरचे असेल तर ही वाढ केवळ अडीच मिलिमीटर. नुसत्या नजरेला ती कळत नाही, नोंदवलेल्या मापाशी ताडून पाहिली तरच कळते. माल जिथे बसतो त्या भागाची झीज १० टक्क्यांवर गेली किंवा हुक बाजूला वळलेला दिसला, तरी तोच निर्णय. शंका असेल तिथे डाय पेनेट्रंट चाचणी करतात. लाल रंगाचे द्रव हुकावर फवारायचे, ते भेगेत मुरू द्यायचे, वरचे पुसून टाकायचे आणि पांढरी पावडर फवारायची. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. ही चाचणी स्वस्त असते आणि जागेवरच करता येते. वाकलेला हुक तापवून, ठोकून सरळ करणे किंवा भेगेवर वेल्डिंग मारणे हे मात्र कधीही करू नये. घडीव पोलादाला उष्णतेची प्रक्रिया देऊन ताकद आणलेली असते. गॅसच्या ज्योतीने ती जाते आणि हुक पूर्वीपेक्षा धोकादायक होतो. दोर निसटू नये म्हणून असलेली स्प्रिंगची कडीही मोडलेली चालत नाही.

साखळीचा नियम असाच. उचलण्यासाठी ग्रेड ८० ची मिश्रपोलादी साखळी वापरतात आणि ठरावीक अंतरावरच्या कडीवर तसा आकडा ठसवलेला असतो. बाजारातून आणलेली साधी साखळी तिच्यासारखी दिसली तरी तिच्या ताकदीची नसते. तुटलेली साखळी नट-बोल्टने जोडणे म्हणजे पूर्ण साखळीची क्षमता त्या एका बोल्टवर आणून ठेवणे. लहान कारखान्यांत सर्रास असलेल्या चेन पुली ब्लॉकचीही काळजी वेगळी. भार जिथे सोडावा तिथे तो थांबून राहतो तो आतल्या घर्षणाच्या ब्रेकमुळे. त्या चकत्यांवर तेल गेले तर भार घसरतो. खालचा हुक साखळ्यांमधून उलटून पीळ बसला असेल तर आधी तो सोडवायचा. ओढायला एक माणूस पुरेनासा झाला आणि दोघे-तिघे लटकू लागले, की भार जास्त आहे किंवा ब्लॉक अडकला आहे असे समजून थांबायचे.

कापडी पट्टे हलके, मालाला ओरखडा न पाडणारे म्हणून लोकप्रिय झाले. युरोपीय मानकाने त्यांना रंग ठरवून दिले आहेत : जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन, राखाडी चार, लाल पाच. शिवलेल्या लेबलवर क्षमता छापलेली असते. ते लेबल फाटले किंवा वाचता येत नसले तर पट्टा बाद धरतात, कारण उन्हाने रंग उडाला की रंगावरून अंदाज करणे धोक्याचे ठरते. उन्हातली अतिनील किरणे पॉलिएस्टरला कमकुवत करतात. पट्टा कडक आणि फिकट होतो. कडेला पडलेला काप, उसवलेली शिवण, वितळून चकाकणारे डाग, रसायनाने पडलेले पांढरे ठिपके या सगळ्या नाकारण्याच्या खुणा आहेत. धारदार कडेवर पट्टा टाकायचा असेल तर मधे संरक्षक पॅड हवेच. मॅनहॅटनमध्ये नेमके तेच नव्हते.

साधन उत्तम असूनही चुकीच्या कोनाने घात होतो. दोन टनांचा माल दोन पायांच्या स्लिंगने उचलायचा आहे. पाय जमिनीशी ६० अंशांचा कोन करत असतील तर प्रत्येक पायावर सुमारे १.१५ टन ताण येतो. कोन ४५ अंशांवर आला की १.४१ टन. ३० अंशांवर प्रत्येक पायाला पूर्ण दोन टन पेलावे लागतात. माल तोच असूनही आखूड स्लिंगमुळे ताण जवळपास दुप्पट होतो. त्यामुळे स्लिंग निवडताना मालाच्या वजनाबरोबर कोनही विचारात घ्यावा लागतो. ३० अंशांच्या खाली जाऊ नये, हा साधा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावण्याजोगा आहे.

यंत्राच्या बाजूला ब्रेक आणि लिमिट स्विच ही दोन अंगे सर्वांत महत्त्वाची. पाळी सुरू होताना रिकामा हुक सावकाश वर नेऊन लिमिट स्विच क्रेन थांबवतो का, ते पाहतात. जड माल असेल तर तो जमिनीपासून थोडासाच उचलून क्षणभर धरतात. ब्रेक घसरत असेल तर ते तिथेच कळते आणि माल खाली ठेवता येतो.

ब्रेकने साथ सोडली तर काय होते, ते चीनच्या ल्याओनिंग प्रांतातल्या टिएलिंग शहरात १८ एप्रिल २००७ रोजी जगाने पाहिले. तिथल्या पोलाद कारखान्यात ३० टन वितळलेले पोलाद भरलेला लॅडल क्रेनवरून खाली घसरला. सुमारे १५०० अंश सेल्सिअसचा रस सांडून शेजारच्या खोलीत शिरला. पाळी बदलण्याच्या वेळी कामगार तिथे जमले होते. ३२ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत दिसले की वितळलेल्या धातूसाठी लागणारी खास क्रेन तिथे नव्हतीच, सामान्य कामाची क्रेन वापरली जात होती. खाली येणारा लॅडल ब्रेकला थांबवता आला नाही. आणि माणसे जमण्याची खोली इतक्या जवळ असायलाच नको होती. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्रींची दाटी आहे. तिथे रोज लॅडल उचलणाऱ्या प्रत्येकाने हे तिन्ही मुद्दे आपल्या शेडशी ताडून पाहावेत.

भारचाचणीबद्दलही एक गैरसमज आहे. चाचणी म्हणजे औपचारिकता, असे समजून माणसे जवळ उभी राहतात. क्रेनची चाचणी तिच्या क्षमतेपेक्षा साधारण २५ टक्के जास्त भार देऊन करतात, म्हणजे यंत्राच्या आयुष्यातला सर्वांत मोठा भार बहुधा त्याच दिवशी येतो. विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये १ ऑगस्ट २०२० रोजी चाचणी सुरू असतानाच मोठी क्रेन कोसळली आणि ११ जणांचा बळी गेला. धोका केवळ चाचणीच्या दिवशीच नसतो. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना ३१ जुलै २०२३ च्या रात्री पुलाचे गर्डर उचलून बसवणारे यंत्र, गर्डर लाँचर, कोसळले. २० जणांचा जीव गेला. पुलांवरची अशी यंत्रे एका जागी सुटी करून दुसऱ्या जागी पुन्हा जोडली जातात. प्रत्येक जोडणीनंतर बोल्ट, पिना, दोर आणि आधार यांची तपासणी नव्याने करावी लागते. मागच्या जागेवरचे प्रमाणपत्र इथे पुरत नाही.

तपासणी टिकते ती नोंदींच्या शिस्तीवर. प्रत्येक स्लिंगला, शॅकलला आणि हुकाला क्रमांक हवा. अनेक कारखाने दर तिमाहीचा रंग ठरवतात आणि तपासून झालेल्या साधनावर त्या रंगाचा पट्टा मारतात. चालू तिमाहीचा रंग नसलेली वस्तू हातात आली तर नवशिका कामगारही ती परत ठेवतो. स्लिंग जमिनीवर टाकत नाहीत. कोरड्या जागी रॅकला टांगतात. मालाखाली दबलेली स्लिंग ओढून काढत नाहीत, तिला गाठ मारून आखूड करत नाहीत. बाद ठरलेल्या वस्तूचे तर लगेच तुकडे करतात. नुसती भंगारात टाकलेली स्लिंग घाईच्या वेळी कोणीतरी उचलून आणते आणि ती पुन्हा हुकावर चढते. त्यामुळे गॅसकटरने किंवा कटिंग व्हीलने डोळाच कापून टाकण्याची पद्धत सर्वांत खात्रीची.

या सगळ्याला मोठे भांडवल लागत नाही. ब्रश, फडके, व्हर्निअर, खडू, डाय पेनेट्रंटचे तीन डबे आणि एक रजिस्टर, एवढ्यावर भोसरी, अंबड किंवा बुटीबोरीतला लहान उद्योजकही सुरुवात करू शकतो. त्याहून महत्त्वाचा आहे तो अधिकार. स्लिंग खराब दिसते म्हणून हुक लावायला नकार देणाऱ्या कामगाराला ऑर्डरची घाई दाखवून गप्प केले, तर रजिस्टरमधल्या सह्यांना अर्थ उरत नाही. हा नकार देण्याची मुभा मालकाने सर्वांसमोर, स्पष्ट शब्दांत द्यायला हवी आणि पहिल्यांदा कोणी तो वापरला की त्याच्या पाठीशी उभे राहायला हवे.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो, बिल्ले लावले जातात, शपथ घेतली जाते. त्या दिवसाची वाट न पाहता प्रत्येक कारखान्याने येत्या आठवड्यातला एक तास बाजूला काढावा. सगळ्या स्लिंग, साखळ्या, शॅकल आणि हुक स्वच्छ जमिनीवर एका रांगेत मांडावेत. ज्यावर क्षमता वाचता येत नाही, ज्याची नोंद रजिस्टरमध्ये सापडत नाही आणि जे वापरायला कामगार स्वतःहून नको म्हणतात, ते सगळे त्याच दिवशी कामातून काढावे. तपासणीत जे बाद ठरेल त्याचे तिथेच तुकडे करावेत.